कंबर दुखते, तपासणी खुब्याची: पिळाच्या खेळांसाठीची फिजिओथेरपी, धरमपेठ, नागपूर

धरमपेठेतल्या या केंद्रात पहिल्या दिवशी अर्धा तास कोणी कमरेला हातच लावत नाही. कंबर धरून आलेल्या माणसाला हे खटकतं. शेकाची पिशवी नाही, मशीन नाही, पालथं झोपवून मालीश नाही. आधी खुबे मोजतात, मग पाठीचा वरचा भाग, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी कंबर. आम्ही या केंद्राला पाचपैकी चार गुण देतोय, त्यातले निदान दोन या अर्ध्या तासाचे आहेत.

आधी सेवा काय आहे ते सांगतो. गोल्फ, क्रिकेट, बॅडमिंटन, टेनिस, थाळीफेक, भालाफेक या सगळ्या खेळांत जोर पायांतून निघतो, कमरेतून पीळ खात वर चढतो आणि हातातल्या क्लबमधून (गोल्फच्या काठीतून), बॅटमधून किंवा रॅकेटमधून बाहेर पडतो. अशा खेळाडूंसाठी इथे १२ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. पहिले सहा आठवडे आठवड्याला दोन सिटिंग, पुढचे सहा आठवडे एक, एकूण १८. पहिली तपासणी सव्वा तासाची, १,२०० रुपये. पुढे प्रत्येक सिटिंगचे ७००, आणि १८ एकदम घेतल्या तर ११,०००. शहरात साध्या कंबरदुखीच्या सिटिंगला लोक जे देतात त्याच्याशी तुलना केली तर हे महाग वाटेल. पण तिथे १५ मिनिटं मशीन लागते, इथे ५० मिनिटं माणूस समोर असतो.

पहिलं माप खुब्याचं, आणि ते कसं घेतात हे नीट पाहण्यासारखं आहे. खेळाडूला पालथं झोपवतात, गुडघा ९० अंशांत वाकवतात आणि पाऊल हळूहळू बाहेरच्या बाजूला पडू देतात. पाऊल बाहेर जातं तेव्हा मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला फिरत असतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. थेरपिस्टचा एक हात माकडहाडाच्या वर सपाट ठेवलेला. ‘काका, पाय एकदम सैल सोडा, मला मदत करू नका,’ एवढंच सांगणं. हाताखाली पेल्विस, म्हणजे दोन्ही खुब्यांमधला हाडांचा सांगाडा, उचलायला लागला की तिथेच थांबायचं, कारण त्यापुढचे अंश खुब्याचे नसतात, कमरेने उसने दिलेले असतात. मग गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी, लावतात: बिजागरी गुडघ्यावर, एक पट्टी सरळ उभी, दुसरी नडगीच्या हाडाच्या रेषेत. निरोगी खुब्यात हा आकडा साधारण ३५ ते ४५ अंश येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या, कंबर दुखणाऱ्या गोल्फरच्या कागदावर उजवा ३८ आणि डावा २२ असं काही दिसलं, की निम्मी गोष्ट तिथेच कळते.

कारण असं. उजव्या हाताचा गोल्फर चेंडू मारून पुढे वळतो तेव्हा त्याचं डावं पाऊल जमिनीत रोवलेलं असतं आणि सगळा पेल्विस त्या डाव्या मांडीच्या हाडावर फिरतो. म्हणजे डावा खुबा आत वळावा लागतो. तो २२ अंशांवर अडला, तर उरलेलं वळण कुठून तरी यायला हवं. ते येतं कमरेतून. आणि कंबर वळण्यासाठी बनलेलीच नाही. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला ५ ते १५ अंश वळतात, तर छातीमागचे १२ मणके ३० ते ३५. कमरेच्या मणक्यांमधले सांधे असे उभे बसवलेले आहेत की पुढे-मागे वाकणं सोपं, पीळ मात्र लगेच अडतो. त्यात गोल्फच्या स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारताना, कमरेवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब मोजला गेला आहे. ७० किलोच्या माणसासाठी तो साडेपाचशे किलोच्या घरात जातो, आणि क्लब खाली यायला लागणाऱ्या पाव सेकंदाच्या आतबाहेर तो येऊन जातो. एकदा नाही, सरावाला घेतलेल्या बादलीत जितके चेंडू तितक्यांदा.

इथे आपल्याकडचा एक गैरसमज स्पष्ट करायला हवा. ‘मी तासभर मांडी घालून बसतो, माझे खुबे मोकळे आहेत,’ असं पन्नाशीतले बरेच जण सांगतात. मांडी घालताना खुबा बाहेरच्या बाजूला वळतो. गोल्फच्या स्विंगच्या शेवटाला, वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायाला, कव्हर ड्राइव्ह मारणाऱ्या फलंदाजाच्या पुढच्या खुब्याला लागतं ते आतलं वळण. पूजेला छान मांडी घालून बसणाऱ्या माणसाचा आतला कोन २० अंश निघू शकतो. त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा या केंद्राचा आग्रह आम्हाला योग्य वाटतो.

मोजताना खुबा शेवटी कसा अडतो तेही बघतात. रबरासारखा ताण देत थांबला तर स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण आखडलेलं, ते कामाने सुटतं. पण टक्कन दगडावर दगड लागल्यासारखा अडला आणि जांघेत चमक आली, तर हाडाचा आकारच तसा असण्याची शक्यता असते. अशा खुब्याला महिनाभर ताणत बसलं तर जांघ आणखी दुखते. इथे अशा माणसाला एक्स-रे काढायला पाठवतात आणि स्ट्रेचिंग बंद करून उभं राहण्याची पद्धत बदलायला सांगतात: पुढचं पाऊल २० ते ३० अंश बाहेर वळवून उभं राहायचं. पाऊल आधीच बाहेर वळलेलं असलं की खुब्याला आत तितकं फिरावं लागत नाही. एवढ्या साध्या बदलाने काहींची कंबर हलकी होते.

दुसरं माप पाठीच्या वरच्या भागाचं. स्टुलावर बसवून दोन गुडघ्यांमध्ये चेंडू दाबून धरायला लावतात, म्हणजे पेल्विस हलत नाही. काठी छातीवर आडवी, हात त्यावर. मग डावीकडे आणि उजवीकडे वळायचं. दोन्हीकडे ४५ अंश यावेत अशी अपेक्षा. लोक इथे नकळत फसवतात: छाती वळवायच्या ऐवजी खांद्याची पाती मागे ओढतात किंवा एका बाजूला कलतात, आणि काठी भरपूर फिरलेली दिसते. म्हणून थेरपिस्टने समोर उभं न राहता मागे उभं राहून पाठीचा मणका बघायला हवा. या केंद्रात तसंच बघतात.

उरलेल्या चाचण्या थोडक्यात: एका पायावर तोल, घोट्याची लवचीकता, एका पायाचा ब्रिज (उताणं झोपून एका पायावर कंबर उचलणं), आणि दोन्ही कुशींवर साइड प्लँक (कुशीवर, कोपराच्या आधाराने अंग सरळ उचलून धरणं) किती सेकंद टिकतो ते. साइड प्लँकमध्ये एकूण वेळेपेक्षा डावी-उजवीतली तफावत महत्त्वाची. एका कुशीवर ७० सेकंद आणि दुसरीवर ४० असेल, तर ती दुसरी बाजू रोज मैदानात मार खाते आहे.

आता व्यायाम. कागदावर सात-आठच आहेत आणि ते बरं आहे. ३० व्यायामांची यादी कोणी करत नाही.

सुरुवातीचे तीन आठवडे ‘ओपन बुक’वर भर असतो. कुशीवर झोपायचं, दोन्ही खुबे आणि गुडघे ९० अंशांत, गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल. वरचा हात पुस्तकाचं पान उलटल्यासारखा मागे उघडायचा, श्वास सोडत. तिथे दोन-तीन श्वास थांबायचं. प्रत्येक बाजूला ८, दोन फेऱ्या. चूक एकाच ठिकाणी होते: हात जमिनीला टेकवायच्या नादात वरचा गुडघा टॉवेलवरून उचलला जातो. गुडघा उचलला की पीळ कमरेत गेला, म्हणजे ज्याला विश्रांती द्यायची त्यालाच कामाला लावलं. हात जमिनीला टेकला नाही तरी चालेल, गुडघे एकमेकांवरून हलता कामा नयेत. दुसरी चूक, खांद्याच्या पुढच्या भागात ताण येतो आणि बरगड्या जागच्या जागी राहतात. यावर इथला उपाय चांगला आहे: हात लांब करायचाच नाही, तळहात स्वतःच्या बरगड्यांवर ठेवायचा आणि बरगड्या वळवायच्या.

खुब्यासाठी जमिनीवर बसून ९०-९०: पुढचा पाय मांडी घातल्यासारखा, मागचा पाय बाहेरून मागे वळलेला. आतलं वळण मिळतं ते त्या मागच्या पायाला. आपल्या लोकांना पुढचा पाय सोपा जातो म्हणून ते पुढे वाकून समाधान मानतात. काम मागच्या पायाचं असतं. ज्यांच्या गुडघ्याला आतून दुखतं त्यांना हा व्यायाम खुर्चीवर बसून द्यायला हवा, आणि इथे सांगितल्यावर देतात. न सांगता देत नाहीत, हे लक्षात ठेवा.

पॅलॉफ प्रेस हा व्यायाम दिसायला सगळ्यात कंटाळवाणा आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचा. रबरी बँड छातीच्या उंचीवर दाराच्या कडीला किंवा खांबाला बांधायचा, त्याच्या काटकोनात उभं राहून दोन्ही हातांनी छातीपाशी धरायचा आणि सरळ समोर ढकलायचा. बँड तुम्हाला वळवायला बघतो, तुम्ही वळायचं नाही. पाच सेकंद धरून परत. ८ वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही बाजू. खेळात वळायचं असताना न वळण्याचा व्यायाम कशासाठी, असं सगळे विचारतात. कंबर घट्ट राहिली तरच खुब्यातला जोर छातीपर्यंत पोचतो. ती सैल असली तर जोर मधेच गळतो आणि ती स्वतःही दुखावते. श्वास रोखून केला तर व्यायाम फुकट. मोठ्याने आकडे मोजायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो.

साइड प्लँक लांब धरायला सांगत नाहीत. १० सेकंद धरा, सोडा, परत धरा, असे सहा. दुखऱ्या कमरेला थोड्या-थोड्या वेळाचे तुकडे सोसतात, एकच लांब ताण सोसत नाही. चौथ्या आठवड्यापासून वजनं येतात: स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) आणि डेडलिफ्ट (खाली ठेवलेलं वजन उचलून उभं राहणं), ६ ते ८ वेळा, तीन फेऱ्या. ज्येष्ठ गोल्फर इथे कुरकुर करतात. पण चेंडू लांब जातो तो जमिनीला दिलेल्या रेट्यामुळे, आणि रेटा देणारे पाय कमजोर असतील तर हात घाई करतात.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून मेडिसिन बॉल. भिंतीला काटकोनात, दीड मीटरवर उभं राहायचं, मागच्या पायावर वजन घ्यायचं आणि चेंडू कमरेच्या उंचीवरून भिंतीवर फेकायचा. महिला आणि १५-१६ वर्षांची मुलं यांना २ किलो, पुरुषांना ३, फार तर ४. प्रत्येक बाजूला ६ फेकी, तीन फेऱ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. जड चेंडू उचलण्यात शौर्य नाही. ६ किलोचा चेंडू घेतला की फेक संथ होते आणि वेग शिकवण्याचा हेतूच जातो. योग्य फेकीची खूण पायात दिसते: चेंडू सुटताना मागची टाच वर आलेली असते आणि त्या पायाचा गुडघा भिंतीकडे वळलेला असतो. टाच जमिनीला चिकटलेली राहिली तर फेक हातांनी झाली. आवाजावरूनही कळतं, सहापैकी चौथ्या फेकीला धप्प आवाज मऊ झाला की फेरी तिथेच संपवायची. थकलेल्या अंगाने वेगाचा सराव करू नये. घरी करायचं असेल तर चार इंची विटांच्या पार्टिशनवर फेकू नका, बाहेरच्या जाड भिंतीवर फेका. आणि रबरी उसळणारा चेंडू घेतलात तर तो परत येऊन बोटं मोडतो. मऊ, कमी उसळणारा घ्या.

कोपराच्या तक्रारींसाठी इथे फ्लेक्सबार वापरतात, थेराबँड कंपनीचा तो रबरी दांडा. पिवळा सगळ्यात हलका, मग लाल, हिरवा, निळा. उजव्या हाताच्या गोल्फरला बहुतेकदा उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, म्हणजे गोल्फर्स एल्बो, आणि डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टेनिस एल्बो. हो, गोल्फरला टेनिस एल्बो होतो आणि तो भरपूर होतो. बाहेरच्या बाजूसाठी: दुखऱ्या हाताने दांडा उभा धरायचा, मनगट मागे वाकवलेलं. चांगल्या हाताने वरून धरून पिळायचा. दोन्ही हात सरळ समोर न्यायचे. आता दुखरं मनगट हळूहळू, चार सेकंद मोजत, पुढे सोडायचं. जोर फक्त सोडताना लावायचा, पिळताना दुखऱ्या हाताने काही करायचं नाही. १५ वेळा, तीन फेऱ्या, रोज. आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी हेच उलट: सुरुवात मनगट पुढे वाकवून, सोडायचं मागे. थोडं दुखतं आणि दुखायला हवं. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं. दुखणं त्यावर गेलं तर रंग खालचा घ्या. १५ सहज झाले तर वरचा. दांडा घ्यायचा नसेल तर एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे जवळपास एक किलो. चांगल्या हाताने वर उचलायची आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायची. काम तेच होतं. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो, दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्याला फरक पडत नाही.

कोपराच्या बाबतीत केंद्र एक गोष्ट विचारत नाही आणि ती विचारायला हवी: ग्रिप कधी बदलली? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बंद गाडीच्या डिक्कीत पडलेल्या क्लबची रबरी ग्रिप कडक आणि गुळगुळीत होते. मग क्लब निसटू नये म्हणून माणूस घट्ट धरतो, आणि तो सगळा ताण कोपराच्या कंडऱ्यांवर जातो. फ्लेक्सबार कितीही करा, ग्रिप तशीच असेल तर दुखणं परत येतं. तसंच सिमेंटवर अंथरलेल्या मॅटवरचा सराव. गवतात क्लब चेंडूआधी लागला तर माती उडते. मॅटवर लागला तर झटका सरळ मनगटात.

मनगटावरून एक इशारा. चेंडूऐवजी जोरात जमिनीला क्लब लागल्यावर उजव्या हाताच्या गोल्फरला डाव्या तळहातात, करंगळीच्या बाजूच्या उशीत दुखत राहिलं आणि मूठ घट्ट आवळताना कळ आली, तर त्याला मुरगळ म्हणून सोडू नका. ग्रिपचं टोक जिथे रुततं तिथेच हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा हुकसारखा वाकडा भाग असतो आणि तो मोडतो. नेहमीच्या दोन एक्स-रेंमध्ये तो दिसत नाही. कार्पल टनेल व्ह्यू (वेगळ्या कोनातून काढलेला एक्स-रे) किंवा सीटी स्कॅन सांगावा लागतो. या केंद्रात ही शंका घेतात आणि हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतात.

आता क्रिकेटच्या पोरांबद्दल, कारण नागपुरात या कार्यक्रमाला येणाऱ्यांत गोल्फर थोडे आणि गोलंदाज जास्त. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी करंडक जिंकल्यावर मैदानावर वेगवान गोलंदाज होऊ पाहणाऱ्या मुलांना तोटा नाही. १४ ते २० वयात कमरेच्या मणक्याचं हाड पूर्ण पक्कं झालेलं नसतं. उजव्या हाताचा गोलंदाज चेंडू टाकताना मागे वाकतो, बाजूला कलतो आणि वळतो, तिन्ही एकाच वेळी, आणि डाव्या बाजूच्या हाडाच्या पातळ पुलावर ताण येतो. तिथे आधी सूज, मग बारीक तडा. लक्षण ठरलेलं: कमरेच्या एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, गोलंदाजी केल्यावर वाढणारं, आराम केल्यावर जाणारं, मागे वाकलं की परत येणारं. सुरुवातीला एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो. एमआरआय लागतो.

नागपुरात हे जमून येण्याची वेळही ठरलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, गोलंदाजी जवळपास बंद. मग एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिर, रोज सकाळी नेट, संध्याकाळी सामना. हाडाला तयार व्हायला आठवडे लागतात आणि इथे चार दिवसांत ओझं चौपट. साधा हिशेब ठेवा: वहीत रोजचे चेंडू लिहा, नेटमधलेही. मागच्या चार आठवड्यांची सरासरी आठवड्याला १२० चेंडू असेल, तर पुढच्या आठवड्यात १८० च्या वर जाऊ नका. हा काटेकोर नियम नाही, पण ढोबळ कुंपण म्हणून उपयोगी आहे.

इथे केंद्राचं मोठं कौतुक आणि मोठी तक्रार एकत्रच करावी लागते. कौतुक असं की, अशा मुलाला ते स्पष्ट सांगतात: गोलंदाजी बंद, एमआरआय करा, तडा असेल तर काही महिने जातील. तक्रार अशी की, रिपोर्ट येईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत पालकांच्या समाधानासाठी आयएफटी मशीन (विजेच्या सौम्य प्रवाहाने दुखणं दाबणारं) लावून देतात. दुखणं तात्पुरतं दबतं आणि मुलगा रविवारी सामना खेळून येतो. मशीन लावल्याने तडा भरत नाही. कंबरदुखीसाठी आयएफटी, टेन्स (तसंच विजेवरचं दुसरं मशीन) आणि अल्ट्रासाऊंड देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे. ज्या केंद्राला खुबा इतक्या बारकाईने मोजता येतो त्यांनी ही सवय सोडावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

बॅडमिंटनच्या मुलींची संख्याही वाढते आहे. बॅडमिंटनपटू मालविका बनसोड नागपूरची, त्यामुळे मानकापूरच्या क्रीडा संकुलात पालकांचा उत्साह दिसतो. त्यांच्यासाठी खांद्याचं माप महत्त्वाचं. उताणं झोपवून हात बाजूला ९० अंश, कोपर ९० अंश, खांद्याचं पातं दाबून धरून हात आत आणि बाहेर किती फिरतो ते पाहतात. खेळणाऱ्या हाताचा आतला फिराव दुसऱ्यापेक्षा १०-१२ अंश कमी आणि बाहेरचा तितकाच जास्त असेल, तर एकूण बेरीज सारखी राहते. ते खेळाने घडलेलं असतं, त्याला हात लावायची गरज नाही. बेरीजच घटली आणि आतला फिराव १८-२० अंशांनी कमी असेल, तर हात छातीवरून आडवा ओढण्याचं स्ट्रेच, ३० सेकंद, चार-पाच वेळा. हा बेरजेचा हिशेब बरेच ठिकाणी करत नाहीत, इथे करतात.

मैदानावर परतण्याचा तक्ता गोल्फरसाठी चांगला बनवला आहे. एक दिवस खेळ, एक दिवस सुट्टी. पहिल्या टप्प्यात फक्त पटिंग (चेंडू होलकडे घरंगळवणं) आणि २० चिप (छोटे, उचलते फटके). दुसऱ्यात वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबने, २५ अर्धे स्विंग. तिसऱ्यात ८-९ नंबर आयर्नचे (धातूच्या पात्याचा क्लब; नंबर जितका लहान तितका फटका लांब) ३० चेंडू, दर १० नंतर पाच मिनिटं बसणं. मग ६-७ नंबर, मग फेअरवे वूड या लांब क्लबचे १० चेंडू, आणि सगळ्यात शेवटी सर्वांत लांब मारणाऱ्या ड्रायव्हरचे १०. त्यानंतर ९ होल, मग १८. नियम एकच: खेळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेलं. गेलं नाही तर एक टप्पा मागे. बॅग ट्रॉलीवर, एका खांद्यावर लटकवून सहा-सात किलोमीटर चाललात तर महिनाभराचं काम वाया जातं. क्रिकेटसाठी मात्र असा लेखी तक्ता नाही, तोंडी सांगतात. तो हवा.

उणिवा आणखीही आहेत. छत खाली आहे, पूर्ण स्विंग करता येत नाही. व्हिडिओ घेतात तो फोनवर साध्या वेगात; सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे खाली येणाऱ्या क्लबच्या जेमतेम सात-आठ, आणि त्याही धुरकट. तोच फोन स्लो मोशनला २४० फ्रेमवर लावला तर ६० फ्रेम मिळतात. फुकट सुधारणा आहे, करत नाहीत. घरी करायच्या व्यायामांचा कागद फक्त इंग्रजीत; कामठीहून किंवा हिंगण्याहून येणाऱ्या पोराच्या आईला तो वाचता यायला नको का? आणि संध्याकाळी सहा ते आठ एक थेरपिस्ट तिघांना सांभाळतो. ७०० रुपये एका माणसाच्या लक्षाचे आहेत. सकाळची वेळ मागा.

कुठेही जाण्याआधी, इथे किंवा दुसरीकडे, फोनवर तीन गोष्टी विचारा. थेरपिस्टची महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आहे का? पहिल्या दिवशी खुब्याचं आणि पाठीचं वळण अंशांत मोजून लिहून देणार का? मैदानावर परतण्याचा टप्प्याटप्प्याचा तक्ता देणार का? भिंतीवर टीपीआयचं प्रमाणपत्र असेल तर चांगलंच. टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटने २००३ पासून गोल्फरच्या शरीराची तपासणी पद्धतशीर केली. पण तो अभ्यासक्रम कोच आणि जिम ट्रेनरही करतात, त्यामुळे फिजिओची पदवी त्याच्या शेजारी टांगलेली आहे ना, ते बघा. पाय बधिर पडणं, पंजा उचलता न येणं, लघवीवर ताबा जाणं, ताप किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर फिजिओ नको, त्याच दिवशी डॉक्टर.

तपासणीला जाताना सैल हाफ पँट घाला, जीन्समध्ये खुबा मोजता येत नाही. खेळताना घालता तेच बूट न्या, गोलंदाजांनी स्पाइक्ससुद्धा. गोल्फरने ७ नंबर आयर्न न्यावं. ड्रायव्हर नेऊन उपयोग नाही, छताला लागतो. आणि तिथून मिळालेले रबरी बँड उन्हाळ्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. लॅटेक्स उन्हाने चिरतो, आणि पॅलॉफच्या वेळी तुटलेला बँड सरळ तोंडावर येतो. दर महिन्याला उजेडात ताणून बघा. बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या की बदला.